जाळीपाशी मध्यावर यावे

काकूंचा उजवा हात मोडला, तो त्या कोपऱ्यावर दुसऱ्यांदा पडल्या म्हणून. पहिल्यांदा पडल्या तेव्हा सूचनाकाका म्हणाले होते, "सायकल बघून चालवावी." दुसऱ्यांदा मात्र हे वाक्य तोंडातून काढायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण काकूंचा डावा हात अजून शाबूत होता.

सूचनाकाकांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं आणि त्याची बदली झाली होती. पंखे, मिक्सर आणि गिझर बनवणाऱ्या कंपनीत गेली बावीस वर्षं काका खोक्यातली माहितीपत्रकं लिहीत होते. 'मिक्सर चालू असताना भांड्यात चमचा घालू नये' हे वाक्य त्यांचं. 'गिझरवर कपडे वाळत घालू नयेत' हेही त्यांचंच. लोक खोकं उघडतात, पत्रक न वाचता बाजूला ठेवतात आणि चमचा घालतात, हे काकांना माहीत होतं. तरी सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं झालं होतं. घरातही फ्रिजवर 'दार उघडल्यास बंद करावे' अशी चिठ्ठी होती. काकू तिच्यावर दुधाचा हिशेब लिहीत.

त्या कोपऱ्याची गोष्ट अशी. सोसायटीच्या फाटकातून डावीकडे वळलं की दोनशे पावलांवर तो लागतो, आणि तिथे पावसाचं पाणी जायला गटारावर लोखंडी जाळी बसवलेली आहे. जाळीचे गज उभे टाकावेत की आडवे, हा प्रश्न ज्या कुणी सोडवला तो जन्मात सायकलवर बसलेला नसावा. गज रस्त्याच्या दिशेनं होते, आणि दोन गजांमधली फट सायकलच्या चाकाला शिंप्यानं माप घेऊन बेतावी तशी बसत होती. काकू रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. लॅब साडेसहाला उघडते, उपाशीपोटी आलेली माणसं दारात वैतागून उभी असतात, आणि पहिली बस सातला. म्हणून सायकल. पहिल्यांदा चाक जाळीत गेलं आणि काकू पुढे गेल्या. दुसऱ्यांदा जाळी चुकवायला त्यांनी सायकल रस्त्याच्या मध्याकडे घेतली, तर मागच्या मोटारवाल्यानं असा हॉर्न दाबला की त्या दचकून पुन्हा कडेला आल्या, म्हणजे जाळीतच. मोटारवाला काच खाली करून म्हणाला, "बाई, कडेनं चालवा की!" काकू त्या वेळी कडेलाच होत्या, आडव्या.

"सहा आठवडे प्लास्टर," डॉक्टर म्हणाले.

"सातव्या आठवड्यातल्या सोमवारी मी सायकलवर," काकू म्हणाल्या.

काकांना भीती वाटत होती. दुसऱ्या अपघाताची खबर लागताच ते घरातल्या चपलांवर धावत गेले होते आणि रस्त्यावर बसलेली बायको त्यांनी पाहिली होती. ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण भीती वाटली की काकांना लिहायला सुचतं. त्यांनी त्याच दिवशी पालिकेला तक्रार केली. मागच्या वेळी केलेल्या तक्रारीचं उत्तर नेमकं त्याच आठवड्यात आलं, चार महिन्यांनी: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' जाळी होती तिथेच होती, फक्त तक्रार निघाली होती.

"अहो, तुम्ही जन्मभर मिक्सरवाल्यांना शहाणं करताय," काकू डाव्या हातानं चहा ढवळत म्हणाल्या, "आता जरा रस्त्यावरच्यांना करा. मला जाळी माहीत आहे. मागच्या मोटारवाल्याला कुठे माहीत आहे, की मी तिथे मध्ये का येते?"

झालं. रविवारी दुपारी काकांनी बारा पानी पुस्तिका लिहून काढली. 'शहरात सायकल चालवताना: सुरक्षिततेच्या सूचना.' दिवा लावावा. उभ्या मोटारीच्या दारापासून हातभर लांब राहावे. वळताना हात दाखवावा, हात दाखवून अवलक्षण मात्र करू नये. (हे त्यांनी नंतर खोडलं. माहितीपत्रकात विनोद करू नये हा त्यांचाच नियम होता.) आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या पानावर, एक नंबरची सूचना: 'फाटकाजवळच्या कोपऱ्यावर गटाराच्या जाळीपाशी सायकलस्वाराने रस्त्याच्या मध्यावर यावे आणि मागच्या वाहनाने त्याला येऊ द्यावे.' बाकीची पुस्तिका या एका वाक्याचं खोकं होती. काकांना हे एकच वाक्य, सहा आठवड्यांच्या आत, त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायचं होतं.

इथे त्यांनी पहिली चूक केली. पुस्तिका सोसायटीच्या सेक्रेटरींना वाचायला दिली.

सेक्रेटरींनी ती वाचली नाही, त्यांनी मीटिंग बोलावली. मीटिंगला अकरा जण आले आणि अकराही जणांना रस्ता-सुरक्षेचं पोटात ज्ञान होतं, ते बाहेर पडायची वाट बघत होतं. सायकल त्यांच्यापैकी एकाकडे होती, गॅलरीत, तिच्यावर टॉवेल वाळत होते.

"सुरुवात अशी एकदम गटारापासून?" निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आधी सायकलीचा इतिहास हवा. वाचकाची मनोभूमिका तयार व्हायला नको?"

"मध्यावर यावे?" तळमजल्यावरचे मोटारवाले खुर्चीतून उठलेच. "आणि आम्ही कुठून जायचं? गच्चीवरून?"

"जाळीपुरतंच हो. चार पावलं."

"आज चार पावलं म्हणाल, उद्या रस्ता नावावर करून घ्याल."

वकीलसाहेब बराच वेळ गप्प होते. ते गप्प असले की लोक घाबरत. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "समजा, तुमचं वाचून एखादा मध्यावर आला आणि त्याला मागून ट्रकनं उडवलं. तो मेला. त्याची बायको पुस्तिका घेऊन कोर्टात. पहिला आरोपी कोण?"

"ट्रकवाला," काका म्हणाले.

"ट्रकवाला पळाला. तुमचा पत्ता मात्र मागच्या पानावर आहे." वकीलसाहेबांनी समारोप केला, "रस्त्यावर कुणी काय करावं हे सांगायचा अधिकार सरकारचा. त्यांच्याकडून मंजूर करून आणा."

सायकलीच्या इतिहासाची दोन पानं पुढे लागली. सेक्रेटरींचं मनोगत लागलं, फोटोसकट. ते फोटोत मोटारीला टेकून उभे होते. वकीलसाहेबांनी 'या पुस्तिकेतील सूचना पाळल्यास अथवा न पाळल्यास होणाऱ्या परिणामांना कोणीही जबाबदार नाही' हे वाक्य घातलं. एक नंबरची सूचना सरकत सरकत सतरा नंबरला गेली. पण होती अजून. तिला धक्का लागला नव्हता, आणि प्लास्टरला दोनच आठवडे झाले होते.

पालिकेचा वाहतूक सुरक्षा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, आणि लिफ्टपाशी 'सुरक्षिततेसाठी लिफ्ट बंद' अशी पाटी होती. काकांनी पाटीच्या भाषेचं मनात कौतुक केलं आणि धापा टाकत जिना चढले. टेबलामागच्या कारकूनबाई स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत खरोखर वाचली. बावीस वर्षांत काकांचं लेखन कुणीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत वाचत होतं. त्यांना भरून आलं. मग बाईंचं बोट सतरा नंबरवर थांबलं.

"ही जाळी तुमची आहे का?"

"नाही."

"मग तिच्याबद्दल तुम्ही कसं लिहिता? जाळी ड्रेनेजची. रस्ता बांधकामचा. वाहनं आमची. तिघांची ना-हरकत लागेल. आमची मी देते, ती दोन तुम्ही आणा."

काका ड्रेनेजमध्ये गेले. तिथल्या इंजिनियरांनी सूचना दोनदा वाचली आणि ते दुखावले. "यातून असं वाटतं की आमची जाळी धोक्याची आहे."

"माझी बायको दोनदा पडली तिथे."

"बायको पडली ना? जाळी पडली का? आजवर आमची एकही जाळी पडलेली नाही. तसा रेकॉर्ड आहे."

बांधकामवाल्यांची अडचण निराळी होती. त्या रस्त्यावर मधला पांढरा पट्टा अजून मारलेला नव्हता. पट्टा नाही म्हणजे कागदोपत्री रस्त्याला मध्यच नाही, आणि जो नाही त्याच्यावर सायकलवाल्यानं यावं अशा मजकुराला विभागानं ना-हरकत देणं बरं दिसलं नसतं. पट्टा कधी मारणार असं काकांनी विचारलं. जाळीचं काम झाल्यावर, असं उत्तर मिळालं. जाळीचं काम कधी? ते ड्रेनेजला विचारा.

काका ड्रेनेज, बांधकाम, वाहतूक आणि पुन्हा ड्रेनेज असे फिरत राहिले. कंपनीतली रजा संपत आली. साहेब म्हणाले, नव्या इस्त्रीचं पत्रक कुठाय? काकांनी अर्ध्या तासात ते लिहिलं आणि त्यात 'इस्त्री मध्यावर धरावी' असं वाक्य पडलं. पाचवा आठवडा लागला तेव्हा कारकूनबाईंनाच त्यांची दया आली.

"काका, बसा. सुरक्षा पंधरवडा तोंडावर आहे आणि आमच्याकडे प्रकाशन करायला काहीच नाही. तुमची पुस्तिका विभागच छापेल. पाच हजार प्रती. फक्त ही सतरा नंबरची ओळ जरा मवाळ करू." आणि काकांच्या देखत त्यांनी लाल पेन घेऊन लिहिलं: 'शहरातील काही ठिकाणी, काही वेळा, योग्य ती काळजी घ्यावी.'

"कुठल्या ठिकाणी?" काका म्हणाले. "कुठल्या वेळी? कसली काळजी?"

"लोकांना कळतं हो बरोबर."

काकांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही, पण बाईंनी ती होकारार्थी धरली. घरी आल्यावर त्यांनी तो कागद काकूंपुढे ठेवला. काकूंनी वाचला, उलटा करून पाठीमागं काही आहे का ते पाहिलं, आणि विचारलं, "अहो, यात मी कुठे आहे?"

"'काही ठिकाणी'मध्ये," काका म्हणाले, आणि आपल्याच उत्तराची त्यांना इतकी लाज वाटली की ते उठून गॅलरीत गेले.

काकूंचं प्लास्टर शुक्रवारी निघालं. प्रकाशन शनिवारी दुपारी होतं, आणि तेही त्याच कोपऱ्यावर. तिथे रस्ता रुंद आहे, मोठं झाड आहे आणि साहेबांची गाडी थांबायला जागा आहे. विभागाचे बडे साहेब स्वतः पन्नास पावलं सायकल चालवून उद्घाटन करणार होते. काकू हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेल्या होत्या, तेव्हा काका एकटेच इस्त्रीचा शर्ट घालून पोचले. आणि बघतात तर काय, जाळीवर जाडजूड लोखंडी प्लेट! चारी बाजूंनी घट्ट बसलेली, वर चाक घसरू नये म्हणून नक्षी. काका वाकून प्लेटकडे बघत राहिले. त्यांच्या मनात आलं, वाचलं. कुणीतरी वाचलं. ओळ खोडली तरी आधी कुणीतरी वाचली होती.

साहेबांनी भाषण केलं, विभागानं पुस्तिकेच्या पहिल्या चार पानांवर छापलेलं तेच. काकांना गुलाबाचं एक फूल मिळालं. मग साहेब सायकलवर बसले, मागेपुढे चार माणसं धावली आणि सायकल प्लेटवरून खडाड् करत निर्विघ्न गेली. टाळ्या झाल्या. लोकांनी पुस्तिकेनं वारा घेतला, कुणी ती बाकावर पसरून तिच्यावर बसलं. तळमजल्यावरच्या मोटारवाल्यांनी पाच प्रती नेल्या, त्यांच्या डायनिंग टेबलाचा एक पाय आखूड होता. काकांना कशाचंच वाईट वाटलं नाही. ते प्लेटकडे बघून हसत होते.

साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि एक मुकादम चार माणसं आणि पहारी घेऊन आला.

"अहो, हे काय करताय?"

"प्लेट उचलतोय. साहेबांच्या सायकलसाठी आणली होती. साहेब गेले."

"म्हणजे..." काका म्हणाले. "म्हणजे ही जाळी धोक्याची आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हाला कशाला, सगळ्या हापिसाला माहीत आहे. साहेब तिथं पडले असते तर आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या ना, काका."

आयुष्यात काकांनी कधी रांग मोडली नव्हती. वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नव्हतं. त्या माणसानं पुढची चार पावलं कशी टाकली हे त्याला अजून सांगता येत नाही, पण पहार लागायच्या आत सूचनाकाका इस्त्रीच्या शर्टात, खिशाला गुलाब लावून, प्लेटच्या बरोब्बर मध्यावर जाऊन उभे राहिले.

"उतरा हो काका."

"नाही."

"काका, लोक बघतायत," सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले.

"सरकारी कामात अडथळा," वकीलसाहेब लांबूनच म्हणाले आणि साक्षीदार व्हायला लागू नये म्हणून आणखी लांब गेले.

"सोमवारी माझी बायको इथून जाणार आहे," काका म्हणाले. "सकाळी सव्वासहाला. तिला कुणी पुढे-मागे धावायला नाही."

मुकादमानं डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे आड आणि मागे विहीर होती. "तुमचं बरोबर आहे हो. पण पाचला स्टोअर बंद होतं. आत जाताना एकतर मला प्लेट दाखवावी लागते, नाहीतर पावती. स्टोअरकीपरला प्लेट कुठे आहे याच्याशी मतलब नाही, ती कुणाच्या नावावर आहे याच्याशी आहे."

काकांनी विचारलं, "पावती कुणाची चालते?"

"ज्यानं घेतली त्याची."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग काकांनी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून आपल्याच पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान फाडलं, मुकादमाच्या पाठीवर ठेवलं आणि प्लेटवरून न उतरता स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'लोखंडी प्लेट, नग एक, चांगल्या स्थितीत मिळाली.' खाली सही, पूर्ण नाव, पत्ता. मुकादमानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला, पुन्हा वाचला, कागदाची घडी करून तो टोपीत ठेवला आणि माणसं घेऊन निघून गेला. सहा आठवडे जे बारा पानांना जमलं नव्हतं ते सात शब्दांनी झालं.

सोमवारी सव्वासहाला काकू गेल्या. संध्याकाळी आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं. "अहो, प्लेट बसवलीय त्यांनी! तुमची पुस्तिका वाचून! मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं." खरं सांगायला हवं होतं, पण बावीस वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. काका म्हणाले, "हं. असेल." आणि पेपरमागे गेले.

ही अब्रू तीन दिवस टिकली. माणूस पडल्याच्या तक्रारीला उत्तर द्यायला ज्या पालिकेला चार महिने लागले होते, तिचं प्लेटबद्दलचं पत्र चौथ्या दिवशी दारात हजर झालं. पत्र काकूंनी उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. सदर वस्तू आपल्या ताब्यात असल्याचे दिसून येते. सोबतचा फॉर्म भरून द्यावा. वस्तू गहाळ झाल्यास अथवा विहित वेळेत परत न केल्यास कारवाई करण्यात येईल.

"आपल्या ताब्यात?" काकू म्हणाल्या. "अहो, काय केलंत काय तुम्ही?"

काकांनी सगळं सांगितलं. लाल पेन, साहेबांची सायकल, पहारी. फरशीकडे बघत सांगितलं. "वाचून नाही बसवली कुणी. कुणीच वाचली नाही ती. मी नुसता उभा राहिलो."

काकूंनी विचारलं, "शर्ट कुठला होता?"

"तो पांढरा."

"इस्त्रीचा?"

"हो."

काकूंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. त्यांनी ते पदराला पुसले आणि फॉर्म पुढे ओढला. काकांनी तो नेहमीच्या काटेकोरपणानं भरत आणला. 'वस्तू केव्हा परत करणार' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'जाळी बदलल्यावर.'

"सरळ 'कधीच नाही' लिहा की," काकू म्हणाल्या.

शेवटचा रकाना जामीनदाराच्या सहीचा होता. सेक्रेटरींना विचारलं तर त्यांना एकदम बाहेरगावी जायचं आठवलं. वकीलसाहेबांनी दार उघडलंच नाही, आतून फक्त "शहाण्यानं सही करू नये" असं ऐकू आलं. मोटारवाल्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांना प्लेटच्या खडखडाटानं झोप लागत नव्हती. काका फॉर्म हातात धरून परत आले आणि दाराशीच उभे राहिले.

"पेन इकडे आणा," काकू म्हणाल्या.

"डाव्या हातानं कर. अजून जोर नाही आलेला."

"उजव्यानंच करणार." त्यांनी पेन धरलं. सही सावकाश झाली, वाकडी, ओळीच्या खाली घसरत गेलेली, पण पूर्ण नावाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म पर्समध्ये घालून, "येताना देते," म्हणत काकू सायकल घेऊन निघाल्या. काका गॅलरीत उभे राहिले. कोपरा तिथून दिसत नाही, फक्त ऐकू येतो. पावलं मोजावीत तसे ते मनात मोजत होते. मागून एक मोटार फाटकावरून गेली. मग लांबून प्लेट एकदा खडाड् वाजली, आणि त्यानंतर कुणी पडल्याचा आवाज आला नाही.